‘च्’ आणि खालचा वाचनगट

मुलगी सात वर्षांची, इयत्ता दुसरीत. जन्म न्यू जर्सीतला, आजोळ कराडचं, घरात बोलणं मराठीतून. आईवडील दोघंही सॉफ्टवेअरमध्ये, दोघंही एच-वन व्हिसावर, ग्रीन कार्डच्या रांगेत. शाळा सरकारी. गाव ओक ट्री रोडच्या देशी बाजारापासून गाडीने पाऊण तासावर, म्हणजे कढीपत्त्यासाठीसुद्धा शनिवार राखून ठेवावा लागतो असं. एडिसन-आयझलिनकडच्या कितीतरी वर्गांत आपली मुलं भरपूर दिसतात. इथे एकवीस मुलांत दोन. एक ही आणि दुसरी तेलुगू घरातली.

मी न्यू जर्सीतच, पण दुसऱ्या डिस्ट्रिक्टमध्ये (म्हणजे सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक विभागात), बाहेरून आलेल्या मुलांना इंग्रजी शिकवत बावीस वर्षं काढली. निवृत्त झाल्यापासून ओळखीतले पालक शाळेची पत्रं घेऊन माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसतात. ही मुलीची आई माझ्या मैत्रिणीची लेक, म्हणून मी तिची मावशी. नावं मुद्दामच देत नाही. मुलीला इथे ठमी म्हणू.

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये ठमीच्या आईचा फोन आला. ‘मावशी, बोलायचंय, पण फोनवर नको.’ दुसऱ्या दिवशी आली ती रात्रभर झोप नसलेला चेहरा घेऊनच. म्हणाली, ठमीच्या नव्या बाई वर्णभेद करतात.

कशावरून, विचारल्यावर भडाभडा सांगू लागली. पहिलीच्या शेवटी ठमी ‘जे’ पातळीवर वाचत होती. (इथल्या बऱ्याच शाळांत फाउंटस आणि पिनेल यांची ए ते झेड अशी वाचनाची शिडी वापरतात; दुसरीत शिरताना मूल साधारण जे-के वर असावं आणि वर्ष संपताना एम वर, अशी अपेक्षा असते.) दुसरीत आल्यावर तिला ‘जी’ च्या पुस्तकांवर आणून ठेवलं, वर्गातल्या सगळ्यात खालच्या गटात. वर्गात भिंतीवर रंगीत पट्ट्यांचा तक्ता, त्यावर कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे, प्रत्येक चिमट्यावर एकेका मुलाचं नाव. सकाळी सगळे हिरव्यावर. चूक झाली की चिमटा पिवळ्यावर, मग लालवर. ठमीचा चिमटा महिन्याभरात सहादा पिवळ्यावर गेला होता आणि दोनदा घरी चिठ्ठी आली होती: ‘अनादर दाखवणारे आवाज काढते.’ शिवाय बाई तिला त्या तेलुगू मुलीच्या नावाने हाक मारतात. आणि परवा गाडीत ठमी स्वतःच म्हणाली, ‘टीचरला ब्राउन किड्स आवडत नाहीत.’

‘आणि बसवलंय कुणाबरोबर? त्या काळ्या मुलांबरोबर, मावशी. तिला!’

हे शेवटचं वाक्य मी त्या दिवशी ऐकून सोडून दिलं. समोरचं माणूस रडत असताना त्याला आरसा दाखवू नये, एवढं वयाने शिकवलंय. पण वहीत टिपून ठेवलं.

तिच्या नवऱ्याचं म्हणणं वेगळं होतं, तेही नोंदवते. ‘दुसरी देशी मुलगी वरच्या गटात आहे ना? मग वर्णभेद कसला? आपलीच कमी पडत असेल. अगं, जाऊ दे.’ त्याचे काका १९८७ साली जर्सी सिटीत राहायचे, ‘डॉटबस्टर्स’ नावाची टोळी भारतीयांना गाठून मारहाण करायची तेव्हा. ते ऐकत वाढलेल्या माणसाला भिंतीवरचा चिमटा म्हणजे काहीच नाही. मला त्याचा राग आला नाही, पण त्याचा युक्तिवाद लंगडा होता. एकाच रंगाच्या दोन मुलांतली एक वर आणि एक खाली, एवढ्याने पूर्वग्रह नाही असं ठरत नाही. पूर्वग्रह बहुतेक वेळा सगळ्यांना सरसकट लागत नाही. ज्या मुलाबद्दल बाईंची खात्री नसते, जे गप्प असतं, ज्याची पोकळी बाईंना स्वतःच्या अंदाजाने भरावी लागते, त्याला तो आधी लागतो. ती तेलुगू पोरगी चुरूचुरू बोलणारी होती. आमची ठमी चारचौघांत मिठाची गुळणी धरणारी.

*

पहिलं काम मी आईलाच लावलं: मुलीची उलटतपासणी बंद कर.

ती रोज शाळेतून आणताना गाडीतच विचारायची, ‘आज बाई काय म्हणाल्या? तुला ओरडल्या? दुसऱ्यांना नाही ना ओरडल्या?’ सात वर्षांच्या पोराला आईचा चेहरा वाचता येतो. तक्रार सांगितली की आई गाडी बाजूला घेते, मागे वळून बघते, जवळ घेते. काही झालं नाही म्हटलं की आईचा फोन सुरू होतो. मग तक्रारी येणारच, आणि त्यात खोटेपणा काही नसतो. तो ‘ब्राउन किड्स’चा शब्दही आम्ही मागे मागे जाऊन शोधला. आदल्या आठवड्यात आईने गाडीतल्या स्पीकरवर कराडला आजीशी बोलताना हेच वाक्य, असंच, इंग्रजी शब्दासकट म्हटलं होतं. ठमी मागच्या सीटवर होती. म्हणजे पुरावा म्हणून जे सगळ्यात जड वाटत होतं, ते आईचंच नाणं फिरून तिच्याकडे आलं होतं.

ती खजील झाली. मी म्हटलं, खजील होऊ नकोस, बाकीचं अजून शिल्लक आहे.

वहीला चार रकाने पाडून दिले. तारीख; ठमीने आपणहून सांगितलेलं, तिच्याच शब्दांत; कागदावर किंवा डोळ्यांनी दिसलेलं; आणि शेवटी ‘मला काय वाटलं’. चौथा रकाना फक्त आपल्यासाठी, शाळेला तो कधीच दाखवायचा नाही. पण तो लिहायचाच, नाहीतर तो गुपचूप तिसऱ्या रकान्यात घुसतो. तीन आठवडे एवढंच करायचं.

दुसऱ्या आठवड्यात, एका गुरुवारी रात्री साडेनऊला तिचा फोन. आवाज अगदी वेगळा.

ठमी जेवत होती. आईने विचारलं, अजून आमटी वाढू? ठमीने मान वर न करता हनुवटी जराशी उडवली आणि म्हणाली, ‘च्.’

आपल्याकडे लाखो पोरं असंच ‘नको’ म्हणतात. जीभ टाळूला लावून सोडायची, एक ‘च्’, झालं. त्यात उद्धटपणा नाही, आळस असेल थोडा. आजीचा तर हा आवडता स्वर. ठमी त्या उन्हाळ्यात दोन महिने कराडला राहून आली होती आणि तिथून तो घेऊनच आली होती. पण अमेरिकन कानाला तोच आवाज कसा लागतो? नाराजी, तुच्छता, ‘काय कटकट आहे’. बाई विचारतात, ‘तुला उत्तर सांगायचंय का?’ आणि समोरची पोरगी त्यांच्याकडे न बघता हनुवटी उडवून च् करते. चिमटा पिवळ्यावर.

आई हसत होती आणि रडतही होती. बावीस वर्षं अशाच मुलांत काढूनही हा आवाज माझ्या डोक्यात आला नाही, कारण तो मला ऐकूच येत नाही. माझ्या लेखी तो आवाज नाहीच, तो शब्द आहे.

चिठ्ठीचं कोडं असं सुटलं. नवरा म्हणाला, बघ, गैरसमज होता, मिटलं. पण वाचनगटाचं कोडं जिथल्या तिथे होतं, आणि ‘च्’ ने ते सुटत नव्हतं.

*

नोव्हेंबरात पालकभेट असते, दर मुलामागे पंधरा मिनिटं. त्याआधी बाईंना इमेल पाठवायचं ठरलं. आईने केलेला पहिला मसुदा दोन पानी होता. ‘भेदभाव’ हा शब्द तीनदा, वकिलाचा उल्लेख एकदा, आणि मधे एक परिच्छेद असा: आम्ही दोघंही इंजिनिअर आहोत, घरात तीनशे पुस्तकं आहेत, आमची मुलगी त्या गटातल्या मुलांसारखी नाही.

आता मात्र मी वहीतलं ते जुनं वाक्य काढलं. म्हटलं, तू बाईंवर जो आरोप करतेयस, तो या परिच्छेदात तूच करतेयस. त्या गटातली मुलं कशी आहेत, तुला काय माहीत? त्यांच्या घरी पुस्तकं नाहीत हे कुणी सांगितलं? तुला अन्याय कशाचा वाटतोय, गट चुकीचा असल्याचा की शेजारी चुकीचे असल्याचा?

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘आमच्याकडे लग्नाच्या जाहिरातीत गोरी लिहायचे, माझ्यासाठी लिहिता आलं नव्हतं. आणि मीच...’ पुढे बोलली नाही, मीही ताणलं नाही. तो परिच्छेद तिने स्वतः खोडला.

दुसरा मसुदा आठ ओळींचा झाला. त्यात आरोप नव्हता, तीन प्रश्न होते. ठमीची वाचनपातळी कोणत्या तारखेला, कशावरून ठरली आणि तो कागद बघायला मिळेल का? त्यानंतर पुन्हा तपासणी झाली का, नसेल तर कधी होते? चिठ्ठीतले ‘आवाज’ नेमके कोणते, कोणत्या वेळी? आणि शेवटी, आम्हाला त्याबद्दल काही उपयोगी सांगायचं आहे.

‘वर्णभेद’ हा शब्द गाळला म्हणून ती जरा नाराज होती. भिऊन गाळला असं तिला वाटलं. माझा हिशेब साधा होता. तो शब्द पहिल्या पत्रात आला की उत्तर बाई देत नाहीत, डिस्ट्रिक्टचा वकील देतो, आणि तो कागद दाखवत नाही, धोरण दाखवतो. आधी कागद हातात यावा. शब्द कुठे पळून जात नाही.

कागद मागणं हा उपकार मागणं नव्हे, हे मात्र पालकांना माहीत असावं. १९७४ च्या फर्पा कायद्याने पालकांना मुलाच्या शैक्षणिक नोंदी बघण्याचा हक्क आहे आणि शाळेने जास्तीत जास्त ४५ दिवसांत त्या दाखवायला हव्यात. आणि १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचं सहावं प्रकरण, ज्याला इथे ‘टायटल सिक्स’ म्हणतात, ते केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या कुठल्याही शाळेला वंश, रंग किंवा मूळ देशावरून भेदभाव करायला मनाई करतं. तक्रार करायला नागरिक असावं लागत नाही. तक्रार केली म्हणून शाळेने सूड उगवणं हेही बेकायदेशीर. फक्त केंद्रीय शिक्षण खात्याच्या नागरी हक्क कार्यालयाकडे जायचं असेल तर घटनेपासून १८० दिवसांची मुदत पाळावी लागते. मी कॅलेंडरवर १२ मार्चला पेन्सिलने गोल केला. का ते पुढे येईल.

*

भेटीला मी गेले नाही. तिसरं माणूस आलं की बाई सावध होतात. आईने आल्या आल्या, कोट न काढता, सगळं सांगितलं.

राजम्याच्या आकाराच्या त्या टेबलाशी बुटक्या खुर्च्यांवर दोघी बसलेल्या. याच टेबलाच्या आतल्या खोबणीत बाई बसतात आणि बाहेरून गटातली मुलं. बाई तिशीच्या आतल्या, दमलेल्या, पण तयारी करून आलेल्या. आधी ‘च्’ झालं. आईने करून दाखवलं, हनुवटीसकट. बाईंचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. ‘मला वाटलं ती मला टाळतेय, कंटाळून करतेय.’ मग त्यांनी विचारलं, ‘म्हणजे ती इतके दिवस मला फक्त नको म्हणत होती?’ त्यांनी स्वतः तो आवाज काढून बघितला. जमला नाही. दोघी हसल्या. नावाच्या गोंधळाबद्दल बाईंनी आपणहून माफी मागितली.

मग कागद निघाला. १४ सप्टेंबरची वाचन-नोंद. मूल मोठ्याने वाचतं आणि बाई एकेका शब्दावर खूण करत जातात, तो कागद. ‘के’ पातळीचं पुस्तक. शंभरातले सत्त्याण्णव शब्द बरोबर. म्हणजे वाचन उत्तम. खाली, वाचून झाल्यावर गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगण्याच्या रकान्यात एकच शब्द: ‘मर्यादित’. आणि त्याच्या शेजारी, बारीक अक्षरात, ‘घरची भाषा?’

तेवढ्यावरून मूल के वरून जी वर.

बाईंनी लपवलं नाही. म्हणाल्या, ती दोन वाक्यं बोलली आणि थांबली. मी फाइल बघितली, घरची भाषा मराठी लिहिलेली, मला वाटलं समजत नसेल. ही नोंद कुठून आली, तर बालवाडीत प्रवेश घेताना भरलेल्या फॉर्मवरून. घरी कोणती भाषा बोलता, हे शाळेला विचारावंच लागतं, म्हणजे ज्या मुलाला इंग्रजीची मदत लागेल त्याला ती मिळावी. ठमीची तेव्हाच इंग्रजीची चाचणी झाली होती आणि मदतीची गरज नाही असं लिहून मिळालं होतं. तो कागद त्याच फाइलमध्ये, दोन पानं पुढे होता. बाईंनी पहिलं पान बघितलं.

(आपले कित्येक पालक या फॉर्मवर बिनदिक्कत ‘इंग्लिश’ लिहितात, पोराला वेगळं काढतील या भीतीने. हे प्रकरण ऐकून आणखी चारजण लिहितील. मी नको म्हणेन, कारण खरोखर मदत लागणाऱ्या पोराचं त्यात नुकसान होतं. चूक फॉर्मची नव्हती.)

‘आणि त्यानंतर पुन्हा तपासलं?’ आईने विचारलं. नव्हतं. सहा-आठ आठवड्यांनी गट बदलायचे असतात. वरच्या तीन गटांतल्या मुलांची दुसरी नोंद झाली होती. खालच्या गटाची व्हायची होती.

पुढच्याच आठवड्यात शाळेच्या वाचन-तज्ज्ञ बाईंनी ठमीला वेगळं बसवून तपासलं. त्यांच्याकडे गुण द्यायचा छापील तक्ता होता: पात्रं सांगितली का, क्रम सांगितला का, अडचण कोणती होती, ती कशी सुटली. ठमी बोलत नाही म्हटल्यावर त्यांनी प्रश्न विचारले. ठमीने एकेका शब्दात, पण सगळी उत्तरं दिली. पातळी के. डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी गट बदलला.

इथे मला दोन अभ्यास आठवतात आणि ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. अमेरिकेतल्या शिक्षकांना दुसरीतल्या मुलाने लिहिलेला एकच मजकूर वाचायला दिला. फरक एवढाच की गोष्टीतल्या भावाचं नाव काहींच्या कागदावर ‘डशॉन’, म्हणजे ऐकताच काळ्या मुलाचं वाटणारं, आणि काहींच्या कागदावर ‘कॉनर’. हे इयत्तेच्या मानाने कसं आहे, असं नुसतं मोघम विचारलं तेव्हा डशॉनवाल्या कागदाला कमी लेखलं गेलं. पण कशाला किती गुण याची नेमकी फूटपट्टी हातात दिली तेव्हा फरक दिसला नाही. २०२० चा हा अभ्यास. ‘मर्यादित’ हा असाच फूटपट्टी नसलेला शब्द होता.

दुसरा अभ्यास आपल्याकडचा, २०१२ मध्ये छापून आलेला. भारतातल्या शिक्षकांकडून परीक्षेचे पेपर तपासून घेतले, आणि प्रत्येक पेपरच्या पहिल्या पानावर मुलाची जात, वय, लिंग हे चिठ्ठ्या टाकावं तसं कसंही लिहिलं. ‘खालच्या’ जातीचं लिहिलेल्या पेपरांना थोडे कमी गुण पडले. फरक लहान, पण होता. गठ्ठ्यातल्या सुरुवातीच्या पेपरांना तो जास्त बसला, म्हणजे तपासणाऱ्याला अजून अंदाज आला नसताना. आणि गंमत म्हणा किंवा दुखणं म्हणा, हे कमी गुण मुख्यतः स्वतः त्या जातींतल्या शिक्षकांनीच दिले होते. माझी आई सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. पट्टीच्या शिक्षिकांपैकी. मुलाचं आडनाव ऐकल्यावर ‘कुठल्या वाडीचा रे तू?’ असं ती हटकून विचारायची, आणि त्या उत्तरानंतर तिच्या आवाजात काय बदलायचं ते मला आज, तिच्या माघारी, ऐकू येतं. ती वाईट बाई नव्हती. या दुसरीच्या बाईही नव्हत्या.

*

नवऱ्याच्या मते प्रकरण डिसेंबरात संपलं. खरं सांगायचं तर माझ्याही मते. मुलगी योग्य जागी आली, बाई शरमल्या आणि सुधारल्या, चिमट्यांचा तक्ताही नाताळच्या सुट्टीनंतर भिंतीवरून उतरला. एवढं यश मला बावीस वर्षांत क्वचित मिळालं असेल.

आईच थांबेना. वर्गाचा सामूहिक फोटो घेऊन आली आणि माझ्या टेबलावर ठेवून बोटाने दाखवायला लागली. एकवीस मुलं. चौदा गोरी. तीन काळी, दोन लॅटिनो, दोन आपली. खालच्या गटात पाच: दोन काळी, एक होंडुरासहून आलेल्या घरातला मुलगा, एक गोरी मुलगी आणि ठमी. म्हणजे चौदातली एक आणि सातातली चार.

‘ठमी निघाली. आता सातातली तीन. त्यांचीही नोंद सप्टेंबरचीच आहे, मावशी. त्यांना कुणी वाचन-तज्ज्ञाकडे नेलं नाही. कारण त्यांच्या आयांना कुणी मावशी नाही.’

ज्या मुलांशेजारी बसवलं म्हणून ऑक्टोबरात जी रडत आली, तीच जानेवारीत त्यांच्यासाठी भांडायला निघाली होती. मला बरं वाटलं आणि अडचणीतही टाकलं तिने. एकवीस मुलांच्या एका वर्गातून काही सिद्ध होत नाही, हे तिला सांगावं लागलं. शिवाय दुसऱ्याच्या मुलाच्या नोंदी शाळा तिला दाखवू शकत नाही. तोच फर्पा तिथे आडवा येतो, आणि यावाच. मग विचारायचं काय? मुलांबद्दल नाही, पद्धतीबद्दल विचारायचं. सप्टेंबरनंतर ज्यांची दुसरी नोंदच झाली नाही अशी मुलं शाळेत किती? खालच्या गटातून वर जाण्याची तपासणी कोण, कधी, कोणत्या तक्त्यावर करतं? घरची भाषा इंग्रजी नसलेल्या मुलांची फाइल पूर्ण वाचली जाते का?

प्रिन्सिपलबाईंचं उत्तर गुळगुळीत आलं: सर्व विद्यार्थ्यांचं दर सहा ते आठ आठवड्यांनी पुनर्मूल्यांकन होतं. आईने परत लिहिलं, हा नियम झाला. यंदा तो पाळला गेला का? आणि या वेळी, पहिल्यांदाच, आम्ही ते वाक्य घातलं: खालच्या गटांमध्ये वंशानुसार प्रमाण विषम दिसतं आणि याची आम्हाला चिंता आहे. पत्राची प्रत डिस्ट्रिक्टच्या समान संधी बघणाऱ्या अधिकाऱ्याला. न्यू जर्सीत प्रत्येक डिस्ट्रिक्टला असा अधिकारी नेमावा लागतो. तीन शाळांत विचारलं तर एका ठिकाणी नाव माहीत असतं.

आता उत्तर चार दिवसांत आलं, आणि सह्या दोन होत्या.

१२ मार्च, म्हणजे १४ सप्टेंबरच्या त्या नोंदीपासूनचा एकशेऐंशीवा दिवस, जवळ येत होता. मी म्हटलं, केंद्राकडे तक्रार टाकून ठेव, मुदत एकदा गेली की गेली. तिने नाही म्हटलं. व्हिसाचा प्रश्न होता. तक्रारीने व्हिसाला काही होत नाही हे तिला मी तीनदा समजावलं आणि तिला पटलंही, पण पटणं वेगळं आणि छाती होणं वेगळं. नवरा म्हणाला, ‘मावशी, तुमच्याकडे अमेरिकन पासपोर्ट आहे.’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तारीख गेली. पुढे मार्च २०२५ मध्ये त्या कार्यालयाच्या बारापैकी सात प्रादेशिक शाखा बंद करायचं जाहीर झालं, आमच्याकडची न्यूयॉर्कची शाखाही त्यात होती. तेव्हा मला पुन्हा तो पेन्सिलचा गोल आठवला.

दरम्यान तिने एक केलं, जे मी सुचवलं नव्हतं. होंडुरासच्या त्या मुलाची आई बसथांब्यावर रोज दिसायची. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, इंग्रजीही एकीचं भक्कम आणि एकीचं मोडकं. एका शनिवारी दोघी गावच्या लायब्ररीत भेटल्या. मी गेले होते. फोनवर भाषांतर करत करत, तीन प्रश्नांचं तेच आठ ओळींचं पत्र स्पॅनिशमध्ये उतरवलं. ज्या पालकांना इंग्रजी येत नाही त्यांना समजेल अशा भाषेत शाळेने महत्त्वाचं सांगितलं पाहिजे, हेही टायटल सिक्समध्येच बसतं. त्यामुळे उत्तर स्पॅनिशमध्ये द्या, अशी एक ओळ वाढवली. त्या बाईंनी पत्र दोनदा वाचलं. दुभाष्याची सोय असते हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांच्या मुलाच्या घरी आलेल्या चार चिठ्ठ्या त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत नीट जपून आणल्या होत्या, चारही इंग्रजीत.

तिथेच, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, ठमी आणि तो मुलगा एकाच पुस्तकावर वाकून बसले होते. डायनोसॉरचं, के च्या वरचं असावं. तो मोठ्याने वाचत होता, ठमी पानं उलटत होती. एका ठिकाणी अडला तेव्हा त्याने तिला विचारलं, हा शब्द येतो का?

‘च्,’ ठमी म्हणाली.

त्याने मान हलवली आणि पुढचा शब्द घेतला. त्याला बरोबर कळलं होतं.

एप्रिलमध्ये शाळेने सगळ्या दुसरीच्या खालच्या गटांची छापील तक्त्यावर फेरतपासणी केली. निकाल आम्हाला कळायचं कारण नव्हतं. तो मुलगा दोन पातळ्या वर गेला, हे त्याच्या आईने बसथांब्यावर दोन बोटं दाखवून सांगितलं. बाकी दोघांचं काय झालं हे ठमीच्या आईने प्रिन्सिपलबाईंना विचारलं नाही, कारण विचारता येत नाही. जूनमध्ये वर्गाचा नवा फोटो आला तो मात्र तिने जुन्याशेजारी लावून ठेवलाय.